निळ्या फितीचे पाळणे

१

ढब्बू रडायचा थांबला, हे आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. पाळणाघरात रडणारं मूल सगळ्यांना दिसतं. न रडणाऱ्याकडे बघायला कुणाला फुरसत असते? उलट त्याला सांभाळणारी अक्का त्या दिवशी म्हणाली होती म्हणे, "गुणी झालं गं माझं बाळ!"

मग त्याच्या पापण्या अर्ध्यावरच राहायला लागल्या. चमचा तोंडात घातला की लापशी ओठाच्या कोपऱ्यातून परत बाहेर यायची. एका दुपारी अक्काने त्याला पाळण्यातून उचललं, तर मान मागे कलंडली आणि हातपाय ओल्या कपड्यासारखे लोंबले. तोंड उघडलं, चेहरा रडवेला झाला, कपाळावर आठ्याही पडल्या, पण आवाज आलाच नाही.

"बाई, रडत होता हो तो," अक्का मला सांगत होती आणि सांगताना स्वतःचाच गळा धरत होती. "पूर्ण रडत होता. फक्त ऐकू येत नव्हतं."

मी आहार तपासनीस आहे. शाळा, पाळणाघरं, वसतिगृहं, जिथे जिथे दुसऱ्याच्या मुलांना जेवू घालतात तिथे जाऊन मी पातेल्यात डोकावते आणि चव घेते. माझ्या पाठीमागे मला चमचाबाई म्हणतात. पर्समध्ये स्वतःचा चमचा बाळगते, एवढंच त्याचं कारण. कुणाची चमचेगिरी जमली असती तर आज यापेक्षा बऱ्या खुर्चीत बसले असते.

सकाळीच दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला होता. "रक्तात काही सापडत नाही, तापही नाही. कित्येक दिवस पोट साफ झालेलं नाही आणि आता श्वास उथळ व्हायला लागलाय. पोटातून काहीतरी गेलंय अशी मला शंका आहे. काय गेलं ते शोधून द्या. आणि जरा घाई करा, हे बाळ फार थांबणार नाही."

मी पाळणाघराच्या फाटकाशी पोहोचले तेव्हा तिथे पालकांचा घोळका होता आणि त्यांनी निकाल आधीच लावून टाकला होता. स्वयंपाकीणबाईनेच काहीतरी घातलं, असं सगळे छातीठोकपणे सांगत होते. कुणीतरी स्वयंपाकघराच्या खिडकीची काचही फोडली होती.

मी आत गेले आणि दारातच थबकले. आत मुलं होती, आणि आत अजिबात आवाज नव्हता.

२

तीस वर्षं मी पाळणाघरं बघते आहे. जेवणाच्या वेळी तिथे जो कल्ला असतो, त्याने बहिऱ्याचेही कान किटतील. इथे मुलं छोट्या टेबलांभोवती गोल बसली होती, समोर वाट्या होत्या आणि एकही मूल हूं की चूं करत नव्हतं. त्यांच्यासमोर तिघी बायका वाकल्या होत्या. तिघींच्या अंगात गुडघ्यापर्यंत पांढरे अंगरखे होते, डोक्याला पांढऱ्या टोप्या आणि नाकाच्या वरपर्यंत पांढऱ्या पट्ट्या. कोण कोण, काही कळेना. चमचा पुढे जायचा, मूल त्या पांढऱ्या चेहऱ्याकडे टक लावून बघायचं आणि तोंड मिटायचं.

"आमचा नवा आहार नियम," मधली पांढरी आकृती उभी राहत म्हणाली. पट्टी खाली ओढल्यावर आत मोठ्या बाई निघाल्या, पाळणाघराच्या प्रमुख. वय पन्नाशीच्या पुढचं, आवाज मऊ, बोटं लांबसडक आणि अत्यंत स्वच्छ. "साखर नाही, गूळ नाही, गोड काहीच नाही. वाढणाऱ्याच्या श्वासाचा कणही अन्नात जाऊ नये, म्हणून तोंड झाकायचं. ही पद्धत मी स्वतः बसवली आहे. आता सगळ्या पाळणाघरांत तीच लागू करायचं चाललंय."

"आणि मुलं जेवतात?"

"जेवतात की," त्या म्हणाल्या. "वजनं बघा हवं तर."

वजनं खरंच वाढत होती. आधी घसरली होती, आणि गेल्या महिन्यापासून मोठ्या मुलांची परत चढली होती. माझ्या डोळ्यांसमोर तर वाट्या भरलेल्याच परत चालल्या होत्या. मग वजनं कशावर वाढत होती, हवेवर?

मी माझा चमचा काढून लापशी चाखली. निर्दोष होती, आणि इतकी बेचव की मला स्वतःलाच रडू यावं.

मोठ्या बाईंनी मला झोपायची खोली दाखवली. जाड पडदे, अंधूक उजेड, आणि भिंतीलगत पाळण्यांची रांग. प्रत्येक पाळण्याला एक फीत बांधलेली होती. "पिवळी म्हणजे वर्षाच्या आतलं मूल," बाई म्हणाल्या. "ती आम्ही अगदी मोजकीच घेतो, फार जपावं लागतं त्यांना. निळी म्हणजे वर्ष उलटलेलं. दुपारी मुलं झोपली की दार लावतो. त्यानंतर कुणी आत जायचं नाही, असा नियम आहे."

ढब्बूचा पाळणा रिकामा होता. त्याला निळी फीत होती. आम्ही बघत असतानाच तो किंचित हलला. वारा असेल म्हणून मी खिडकीकडे पाहिलं, तर ती बंद होती. मग पाळण्यामागून एक डोकं वर आलं. पाळणाघरातली सर्वांत बोलकी मुलगी होती ती. तिला सगळे पोपट म्हणतात. पाळण्याचा कठडा धरून ती आत वाकून बघत होती.

"ढब्बूला तिने नेलं?" तिने मला विचारलं.

"कुणी गं?"

"बिनतोंडाची. आम्ही झोपलो की येते ती." पोपटने स्वतःच्या ओठांवरून सपाट हात फिरवला. "तिला इथे काहीच नाही."

मी मोठ्या बाईंकडे वळले. त्यांनी पट्टी परत नाकावर चढवली होती.

३

स्वयंपाकीण मावशी फुटलेल्या काचा गोळा करत होत्या. पाचावर धारण बसलेली, तरी जिभेला हाड नाही.

"मी विष घालीन होय लेकरांना? अहो, विष घालायला तरी यांनी ते खायला नको का? माझ्या हातचं हे असलं अळणी कुणी बघेसुद्धा ना. तोंडाला फडकं बांधून मुलाला भरवतात का कधी? आधी आपण 'आ' करायचं, मग ते करतं. माझ्या सासूने माझ्या पोरांना जन्मल्याबरोबर मध चाटवला होता, चांगले घोड्यासारखे वाढलेत. पण इथे मधाचं नाव काढलं तरी नोकरी जायची."

"दुपारी मुलं झोपतात तेव्हा तुम्ही कुठे असता?"

"इथेच, भांडी घासत. अक्का मागे दुपटी धुते. मोठ्या बाई त्यांच्या खोलीत. कोण कुणाला बघतंय?"

"आणि ती बिनतोंडाची?"

मावशींच्या हातातली काच खाली पडली. "तुम्हालाही सांगितलं पोरीने? मला वाटलं, माझ्याच मनाचे खेळ. एकदा पाण्याची घागर घेऊन मी दारावरून गेले, तर काचेतून मला दिसली. पांढरी. पाळण्यावर वाकलेली, आणि बाळ गप. मी अक्का समजून पुढे गेले, तर अक्का मागच्या अंगणात पिळे वाळत घालत होती."

बाहेर येताना मी ते पांढरे अंगरखे पाहिले. बोळात खुंट्यांवर ओळीने टांगलेले, सगळे एकाच मापाचे, ज्याला जो सापडेल तो त्याने घालायचा. एकाच्या खिशाच्या कडेवरून मुंग्यांची रांग उतरत होती. जिथे महिनोन्‌महिने गोडाचा कण शिरलेला नाही, तिथे मुंग्या कशाला आल्या असतील?

मी खिशात बोट घातलं. आतलं कापड चिकट होतं. बोट जिभेला लावलं.

मध होता.

४

मी धावतच झोपायच्या खोलीत परत गेले आणि पडदे सरकवून एकेक पाळणा तपासला. मुंग्या होत्या, पण सगळीकडे नाही. काही पाळण्यांच्या कठड्यांवर उशीच्या बाजूला पुसटसे चिकट डाग होते, बोट पुसल्यासारखे, आणि तिथेच त्या घोटाळत होत्या. शेजारच्याच काही पाळण्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ढब्बूच्या रिकाम्या पाळण्यावर मात्र सगळ्यांत लांब रांग होती. बाळ गेलं तरी त्या त्याला शोधत होत्या, असं काहीतरी मला वाटून गेलं.

अक्का दारात उभी होती.

"मी रोज झाडते हो त्या मुंग्या," ती म्हणाली. "दुपारची झोप झाली की लागलेल्या असतात."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? गोड कुणी आणलं म्हणून माझ्यावरच आलं असतं." अक्का हातातलं दुपटं पिळत होती, आणि ते कोरडंच होतं. ढब्बू तिचा सख्खा भाचा, तिच्या भावाचा मुलगा, हे तिने मला तेव्हा सांगितलं. तिनेच खटपट करून त्याला इथे जागा मिळवून दिली होती.

"त्याच्याबद्दल आणखी काही सांगायचंय का, अक्का?"

तिचे डोळे ढब्बूच्या निळ्या फितीवर गेले आणि परत माझ्याकडे वळले. मग ती म्हणाली, "बाळ वाचेल ना?" आणि निघून गेली.

मी पाळण्याच्या कठड्यावर टेकले. तान्ह्या बाळाला मध म्हणजे विष, हे मला माहीत होतं. त्यात कधीकधी एक जंतू निजलेला असतो. मोठ्यांचं पोट त्याला दाद देत नाही; पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात तो जागा होतो, आणि बाळाचे स्नायू एकेक करून झोपी जातात. आधी पापण्या, मग जीभ, मग रडणं, आणि शेवटी श्वास. सगळं तंतोतंत जुळत होतं. अडत होतं फक्त एकाच ठिकाणी. समोर ढब्बूची निळी फीत लोंबत होती. त्याचं वर्ष उलटून गेलेलं होतं.

डॉक्टरांनीही हाच विचार करून हा आजार बाजूला ठेवला असणार. हातातोंडाशी आलेला घास गेला, असं वाटून मी तशीच बसून राहिले.

५

दवाखान्यात ढब्बूची आई काचेबाहेर उभी होती. आत तो पडला होता, अंगाने भरलेला, गुबगुबीत, छातीवर नळ्या. कुणीही दीड वर्षाचा म्हणाला असता. डोळे अर्धे उघडे होते आणि तो आमच्याकडेच बघत होता. त्याला सगळं कळत होतं, हे मला त्या नजरेत दिसलं.

"हाच जिना," त्याची आई स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाली. "गेल्या उन्हाळ्यात तपासणीला यायचे तेव्हा पाय हे एवढाले सुजलेले. दर पायरीला बसायचे आणि हा आतून लाथा घालायचा. नर्स हसायची, म्हणायची, फुटबॉल खेळतोय. आता बोटसुद्धा हलवत नाही माझा राजा."

मी तिला धीर देणार होते, पण तिचा तो गेला उन्हाळा माझ्या मनात अडकला. बाहेर थंडी आत्ता कुठे सरत होती. पुढचा उन्हाळा अजून लागायचा होता.

"बाई," मी तिचा दंड धरला, "गेल्या उन्हाळ्यात हा पोटात होता. मग त्याचं वर्ष कधी उलटलं?"

ती भिंतीला टेकली आणि घसरत खाली बसली.

"पिवळ्या फितीची जागा नव्हती हो," ती म्हणाली. "मला कामावर परत जायचंच होतं, नाहीतर काम गेलं असतं. नणंदबाई म्हणाल्या, अंगाने थोराड आहे, वर्षाचा सांग, कोण बघतंय! इथेही तेच वय सांगितलं. खरं सांगितलं तर त्यांची नोकरी जाईल, म्हणून... वयाने काय फरक पडतो, मला कुठे ठाऊक?"

डॉक्टरांना खरं वय आणि मध, दोन्ही सांगितलं तेव्हा ते ताडकन उभे राहिले. "यावर औषध आहे, पण इथे मिळत नाही. फार लांबून मागवावं लागतं, आणि निव्वळ अंदाजावर ते देत नाहीत. खिशातला डाग पुरणार नाही. या बाळाच्या तोंडात मध गेलाच, असं कुणीतरी छातीवर हात ठेवून सांगायला हवं. ज्याने दिला, त्याने."

"किती वेळ आहे?"

त्यांनी काचेतून आत, ढब्बूच्या छातीकडे पाहिलं.

६

पाळणाघरात परतून मी मोठ्या बाई, मावशी आणि अक्का, तिघींना झोपायच्या खोलीत बोलावलं. मुलं आत्ताच उठली होती आणि जमिनीवर नुसती बसली होती. मी तिघींना पट्ट्या आणि टोप्या काढायला लावल्या.

"इथे दुपारी कुणीतरी मध चाटवत होतं," मी म्हणाले. "मुंग्या बघा. त्या फक्त निळ्या फितीच्या पाळण्यांवर आहेत, पिवळ्याच्या एकाही नाही. म्हणजे देणारीला माहीत होतं की वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नसतो. मावशी, तुम्ही दिला असता तर सगळ्यांनाच दिला असता, जन्मल्याबरोबर."

मावशींनी मान डोलावली.

"अक्का, तुला जर हे माहीत नसतं, तर तूही पिवळ्यांना वगळलं नसतंस. आणि माहीत असतं, तर निदान ढब्बूला वगळलं असतंस. त्याचं खरं वय तुला ठाऊक होतं."

अक्काने तोंडावर पदर दाबला.

"उरलं कोण? जिला नियम पाठ आहे आणि जिचा फितीवर विश्वास आहे, ती."

मोठ्या बाई हसल्या. "हे तर्क झाले. पद्धत माझी, आणि तीच मी मोडीन? साखर बंद करणारी मी मध चाटवत फिरेन? लोक हसतील तुम्हाला."

दवाखान्यात एक बाळ अर्ध्या डोळ्यांनी बघत पडलं होतं आणि माझ्याकडे खरोखरच तर्कापलीकडे काही नव्हतं.

तेवढ्यात एक निळ्या फितीचं मूल उठलं. नुकतंच चालायला लागलेलं, अडखळत, वाटेत आलेल्या मावशींच्या पायाला धरून ते पुढे गेलं. मोठ्या बाईंच्या तोंडाकडे त्याने पाहिलंही नाही. तो चेहरा त्याच्या ओळखीचा नव्हता. त्याने त्यांचा उजवा हात धरला, त्यातलं पहिलं लांब बोट निवडलं आणि तोंडात घालून डोळे मिटून चोखायला लागलं.

मग दुसरं रांगत आलं. मग तिसरं. कुणीही आवाज केला नाही. सगळी त्यांच्याभोवती जमली, पाय धरून उभी राहिली, आणि आपली पाळी येईल म्हणून तोंडं उघडून वर बघत राहिली.

"हीच ती," पोपट म्हणाली. "आता तिला तोंड आहे."

मोठ्या बाईंनी बोट काढून घेतलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र पार उतरला.

"ती खातच नव्हती," त्या म्हणाल्या, आणि आवाज इतका बारीक की पुढे वाकावं लागलं. "वजनं उतरत होती. सगळीकडे माझी पद्धत लागू व्हायची वेळ आली होती, आणि इथेच मुलं वाळायला लागली. चुकले म्हणायला जीभ रेटेना. थेंबभर मध चाटवला की मागून बाटलीतलं दूधही प्यायची. पण मी जपत होते हो! पिवळ्यांना कधी हात लावला नाही. ढब्बूला... त्याला तर सगळ्यांत जास्त दिला. तोच सगळ्यांत कमी खायचा."

कुंपणानेच शेत खाल्लं, असं मी कुणालाही ऐकवलं असतं. त्या क्षणी मात्र मला त्यांची कीव आली, आणि त्याहून जास्त त्या बाळाची आठवण झाली. मी डॉक्टरांचा नंबर लावून फोन त्यांच्या कानाशी धरला.

"हेच सांगा," मी म्हणाले.

त्यांनी सांगितलं. छातीवर हात ठेवून, दुसरा हात मुलांच्या हवाली करून.

७

औषध आलं, तेव्हा ढब्बूसाठी श्वास यंत्र घेत होतं. या औषधाने लगेच गुण येत नाही. जंतूचं विष पुढे पसरायचं थांबतं आणि मग शरीर आपल्या चालीने जागं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मोठ्या बाईंनी पद सोडलं. त्या दवाखान्याच्या बाकावर येऊन बसायच्या. ढब्बूची आई त्यांच्याशी बोलायची नाही, पण त्यांना उठवूनही लावायची नाही. "माझ्या खोट्यावर त्यांचं खोटं चढलं," ती मला एकदा म्हणाली. "मी कुठल्या तोंडाने त्यांना बोलू?"

पाळणाघरात पांढऱ्या पट्ट्या गेल्या. हात धुवायचे, टोपी घालायची, आणि तोंड उघडं ठेवून भरवायचं, असा मी नवा नियम घातला. लापशीत शिजवलेलं फळ कुस्करून घालायलाही लावलं. मावशी "आ" करायच्या, मुलं बघायची. हळूहळू चार घास जायला लागले. पण खोली अजून गपच होती. इतके दिवस रडून कुणाचा चेहरा दिसला नव्हता, त्यामुळे रडायचं कशासाठी हेच ती पोरं विसरली होती.

एका दुपारी मी तिथे चव घ्यायला गेले असताना फोन वाजला. दवाखान्यातून होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," डॉक्टर म्हणाले. "नुसतं ऐका."

मी फोनचा आवाज मोठा केला. आधी खरखर आली. मग एक बारीक, घोगरा, मांजरीच्या पिल्लासारखा आवाज. तो तुटला, परत आला, आणि मग चांगला ठसक्यात वाढला. मागे त्याची आई हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं.

अक्का होती तिथेच मटकन खाली बसली. मावशींचा चमचा हवेतच राहिला.

"ढब्बू का रडतोय?" पोपटने विचारलं.

"भूक लागलीय त्याला," मी म्हणाले.

तिने थोडा विचार केला. मग तिचा खालचा ओठ पुढे आला, थरथरला, आणि तिने भोकाड पसरलं. ते ऐकून शेजारचं मूल सुरू झालं, मग त्याच्या पलीकडचं, मग पिवळ्या फितीचं तान्हंही. बघता बघता सगळी खोली ओरडून रडायला लागली, फोनमधून ढब्बूही त्यांच्यात होताच, आणि कुणीही कुणाला गप्प केलं नाही.